खुंटीवरचं जाकीट

"खाली ओढा की जरा. सगळं पोट उघडं पडायलंय," मी म्हटलं.

आमचे हे आरशापुढं दोन्ही हात वर करून उभे होते आणि दुकानाचे मालक मिर्झाभाई त्यांच्या अंगावर जाकीट चढवत होते. औरंगाबादेत छावणीच्या बाजूला हे दुकान. बाहेरून पाहावं तर खाकी कापड, पट्टे, बूट आणि शिट्ट्या. आतल्या खोलीत मात्र गोळी अडवणारी जाकिटं एका रुंद फळीवर आडवी मांडून ठेवलेली. मी गावात ब्लाऊज शिवते. माप बसलंय की नाही हे मला लांबून कळतं, आणि ते जाकीट मला चांगलंच आखूड दिसत होतं.

"पोट राहू द्या, ताई," मिर्झाभाई म्हणाले. त्यांनी यांच्या गळ्याखालच्या खळगीत दोन बोटं टेकवली. "प्लेट इथून सुरू झाली पाहिजे. पोटाला लागलं तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचतो. इथं लागलं तर नाही पोचत."

 हे मात्र आरशात बघून हसले.

"पोळपाट बांधल्यागत दिसायलंय," म्हणाले. "आता घरी गेल्यावर माझ्यावरच पोळ्या लाट."

यांचा स्वभावच तसा. घराला आग लागली तर म्हणतील, बरं झालं, ढेकणं तरी मेली. मला त्या दिवशी त्यांचा रागच आला होता. जिवाची खरेदी करायला आलोय आणि ह्यांना थट्टा सुचतेय.

मिर्झाभाईंनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "भीती कशाची आहे ते आधी सांगा. लोक येतात, म्हणतात सगळ्यात भारी दाखवा. असं नसतं. रायफलीचं वेगळं, पिस्तुलाचं वेगळं, चाकूचं वेगळं."

"गावठी पिस्तूल," हे म्हणाले. "तिकडं पोरांकडं तेच असतंय."

"आणि कोयता?" मी विचारलं.

मिर्झाभाईंनी एक मऊ जाकीट माझ्या हातात दिलं. गोधडीसारखं जाड, पण आत कापूस नव्हता, घट्ट विणलेले थरावर थर होते. "यात पिस्तुलाची गोळी अडकते, ताई. धार मात्र सूत बाजूला सारून आत जाते. म्हणून वर प्लेट घालायची, पुढं एक, मागं एक. मान, हात, मांड्या उघड्याच राहणार. खोटं कशाला सांगू? ह्यानं मरण टळत नाही, कमी होतं."

तिथं दोन तऱ्हेची होती. एक शर्टावरून घालायचं, पोलिसांसारखं, खिशाखिशांचं आणि दणकट. त्यात जाडजूड प्लेटा बसत. दुसरं शर्टाच्या आतलं, पातळ प्लेटांचं. मला पहिलं पसंत होतं. लांबून दिसलं पाहिजे, बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथं हात घालून उपयोग नाही.

"आतलं द्या," हे म्हणाले.

"आतलं जरा कमी आहे, दादा. मोठ्या हत्याराला नाही थांबवायचं."

"चालतंय. पण कुणाला दिसता कामा नये."

मी वाद घालायला तोंड उघडलं तर त्यांनी आरशातूनच मला डोळ्यांनी थांबवलं. मग म्हणाले, "अजून एक द्या असंच. केरबा म्हणून माझा दोस्त हाय, त्यालाबी लागतंय."

"माणूस घेऊन या. मापाशिवाय मी देत नाही." मिर्झाभाईंनी यांच्या काखेखालून दोन्ही बाजूंचे पट्टे ओढून बरगड्यांवर चिकटवले. "हे इथं घट्ट बसले पाहिजेत. ढिलं झालं की काखेतून जागा उघडी पडते."

निघताना त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. वरचं कापड काढून धुवायचं, आतली गादी भिजू द्यायची नाही, उन्हात टाकायची नाही. गादीला सुई तर अजिबात लावायची नाही. "आणि शेवटचं," ते यांच्याकडं वळून म्हणाले, "काढायचं नाही. मी विकलेल्यांपैकी एक जण गेला, दादा. गेला त्या दिवशी जाकीट घरात खुंटीला होतं."

हे सगळं कशासाठी, तर नदीतल्या रेतीसाठी.

आमचं गाव गोदावरीच्या काठावर. तिथून अण्णाचे टिपर रात्रंदिवस रेती न्यायचे. अण्णा म्हणजे त्या धंद्यातला मोठा माणूस. गावात त्याचं नाव घेताना लोक आधी मागं बघत. एका सकाळी आमच्या गावचा तलाठी, लग्न ठरलेला तरणा मुलगा, टिपरपुढं आडवा उभा राहिला. टिपर त्याच्या अंगावरून गेला. आमचे हे आणि केरबा भाऊजी पाण्याची मोटार सुरू करायला नदीवर गेले होते. दोघांनी डोळ्यांनी पाहिलं, आणि अण्णा केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून "घाल" म्हणाला, तेही कानांनी ऐकलं.

थोडंफार पाहिलेले आणखीही काही होते. मच्छिंदर नावाचा मच्छीमार, दोघं मजूर. ती माणसं यांच्याकडं बघून टिकून होती. मुंजाजी उभा हाय ना, मग आपणही उभं राहू, असा तो सगळा हिशेब. म्हणूनच जाकीट आतलं हवं होतं. परतीच्या एसटीत मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "मीच चिलखत घालून फिरायलो असं दिसलं ना, तर ही तिघंबी कोर्टाची पायरी चढणार न्हाईत. मंग त्या पोराला मारलं कुणी? नदीनं?"

"आणि तुमाला काय झालं तर?"

"म्हणून तर घेतलंय की," म्हणाले, आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवून डुलकी काढायला लागले.

पुढचे दिवस ते जाकीट आमच्या घरात एखाद्या आजारी माणसासारखं सांभाळलं गेलं. सकाळी मी पट्टे आवळायचे, संध्याकाळी सैल करायचे. उकाड्यानं यांच्या पाठीला घामोळं आलं. मी पावडर चोळायचे आणि हे "हळू, हळू" करत नाचायचे. जाकिटामुळं ते ताठ चालायला लागले. कुणी विचारलं तर सांगायचे, कंबर धरलीय, पट्टा लावलाय. माझे सासरे, मामंजी, तेवढे घरातले म्हणून त्यांना ठाऊक होतं. आणि केरबा भाऊजींना यांनी स्वतःच सांगितलं.

केरबा भाऊजी आमच्या ओट्यावर चहा घेत होते. अंगानं किरकोळ, बोलणं हळू, पण यांच्याशी लहानपणापासूनची जोडी. यांनी शर्टाचं वरचं बटण काढून आतलं दाखवलं.

"हे बघ. म्या आंघोळीशिवाय काढत न्हाई. तुझं माप दे. नाहीतर चल माझ्यासंगं, तुलाबी आणू."

भाऊजींनी प्लेटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. "नगं मला. मी कुठं मोठा माणूस? मला कोण मारतंय?"

"गोळीला लहान-मोठं कळत असतं का रे?" हे हसले.

भाऊजी हसले नाहीत. चहा अर्धा टाकून उठले. मी मनात म्हटलं, भ्यालेत बिचारे.

साक्षीची तारीख दसरा झाल्यावर होती. आमच्याकडं एक पोलीस दिला होता, त्यालाही सणाच्या बंदोबस्ताला म्हणून परत बोलावलं.

दसऱ्याला आमच्याकडं गावाची रीत अशी, की सीमोल्लंघन करून आले की माणसं घरोघर आपट्याचं सोनं द्यायला निघतात. थोरांच्या पाया पडायचं, आणि बरोबरीच्याला नुसती पानं हातात देऊन भागत नाही. छातीशी धरावं लागतं. वर्षभराचं भांडण असलं तरी त्या दिवशी मिठी मारायची. जो मारत नाही, त्याच्या मनात काळं आहे असं धरतात.

दुपार कलायला लागली तशी यांनी शर्ट काढला आणि काखेतले पट्टे सोडायला लागले. ते चिकटपट्टे सुटल्याचा चर्र आवाज ऐकून मी स्वयंपाकघरातून धावत आले.

"काय करायलाव?"

"आज नगं हे."

"कामून नगं? आजच तर सगळं गाव दारात येणार."

"म्हणूनच. आज सगळ्या गावाच्या छातीला छाती लागणार. पैल्याच मिठीत कळंल. मच्छिंदर येईल, ते मजूर येतील. त्यांच्या छातीला लोखंड लागलं तर काय वाटंल त्यांना?"

"कंबरपट्टा हाय म्हणून सांगा."

"कंबर छातीवर असती का गं?"

"मग आजारी पडा. आत झोपा. मामंजी घेतील सोनं."

"म्हणजे तेच झालं की. मुंजाजी भ्याला, दसऱ्यालाबी बाहेर नाही आला." त्यांनी जाकीट उतरवून खुंटीला अडकवलं. मोकळं झाल्यावर अंग खाजवत म्हणाले, "आणि खरं सांगू? गावातल्या माणसाला मिठी मारायची आणि मधी लोखंड ठेवायचं, हे मला नाही जमायचं. त्याचा अर्थ काय झाला? तू मला मारशील, असाच ना?"

मी हात जोडले. खरंच जोडले. मिर्झाभाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली. हे म्हणाले, "तासाभराचा तर प्रश्न हाय. सोनं वाटलं की लगेच घालतो. तूच आवळ." आणि माझ्या गालाला चिमटा काढून, धुतलेला पांढरा शर्ट घालून ओट्यावर जाऊन बसले.

माणसं आली. मच्छिंदर मच्छीमार आला, त्याची यांनी उचलूनच गळाभेट घेतली. मजूर आले, शाळेचे गुरुजी आले. मी दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी. जो येईल त्याच्या हातांकडं माझी नजर. हातात पानं दिसली की श्वास सोडायचा.

शेवटी केरबा भाऊजी आले. हे उठून पुढं झाले आणि दोघांनी मिठी मारली. भाऊजींनी ती लवकर सोडली नाही. त्यांचे हात यांच्या काखेखालून गेले, बरगड्यांवरून कमरेपर्यंत खाली आले, परत वर चढले. मग त्यांनी एक तळवा यांच्या छातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते बघून माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. वाटलं, सख्खा भाऊ काय करील असं.

"लई रडका झालायस रे," हे म्हणाले. "चल, चहा घे."

"नगं. अजून दोन घरं करायचीत," भाऊजी म्हणाले आणि गेले.

त्यांची पाठ कोपऱ्यावर वळली न वळली, तोच एक मोटारसायकल आली. मागं बसलेल्याच्या तोंडाला रुमाल होता. यांनी त्यालाही सोनं द्यायला पानं उचलली. आवाज फटाक्यासारखाच झाला, सणासुदीचे दिवस, मामंजी आतून ओरडले, "कोण रे ती पोरं, अंगणात फटाके!" पळताना त्याचा रुमाल सुटला आणि मला त्याचं तोंड स्वच्छ दिसलं.

हे ओट्यावर बसल्यासारखे पडले होते. गळ्याखाली, मिर्झाभाईंनी दोन बोटं टेकवली होती त्याच्या थोडंसंच खाली, भोक होतं. दवाखान्यापर्यंत पोचले नाहीत. आत खुंटीला जाकीट लटकत होतं. दिवे लागायच्या वेळेला मी आत गेले, ते काढलं आणि त्यात तोंड खुपसून रडले. त्याला यांच्या घामाचा आणि मी चोळलेल्या पावडरीचा वास होता.

पुढं तलाठ्याच्या खटल्यात केरबा भाऊजी उलटले. मी काहीच पाहिलं नाही, असं शपथेवर म्हणाले. त्यांच्यामागं ते दोघं मजूरही उलटले. मच्छिंदर तेवढा टिकला. गाव भाऊजींवर थुंकलं, मी नाही थुंकले. मी म्हटलं, ज्याचा दोस्त डोळ्यांदेखत गेला त्यानं भ्यावं नाही तर काय करावं? यांच्या खुनाची साक्ष आता मला द्यायची होती. गोळी घालणाऱ्या त्या पोराचं तोंड मीच पाहिलं होतं. मी जाकिटाचं वरचं कापड उसवलं, माझ्या मापानं पुन्हा शिवलं, गादीला सुई न लावता पट्टे आखूड केले. बाईच्या अंगासाठी केलेली ती वस्तू नव्हे, नीट बसायची नाही. पण मी घालत होते. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला की कुणाला काही दिसत नसे. आणि एकदा घातलं की काढत नव्हते.

दसरा आला तसं यांचं वर्षश्राद्धही आलं, तिथी तीच. दुपारी भटजी आणि पाव्हणे जेवून गेले. घरात मी आणि मामंजी दोघंच राहिलो. तेवढ्यात केरबा भाऊजी दारात. वर्षात पहिल्यांदाच आले होते. हातात आपट्याची पानं होती.

"वर्ष सरलं, मामा," ते चाचरत म्हणाले. "आपल्या माणसांनी सण सुरू करून द्यावा म्हणतेत. म्हणून आलो."

मामंजींना भरून आलं. भाऊजी त्यांच्या हातात पानं देऊन पाया पडले, मामंजींनी त्यांना उठवून छातीशी धरलं. भाऊजींनीही मिठी मारली. दोन्ही हात मामंजींच्या खांद्यांवर, मग पाठीवर एक थाप, आणि सुटले.

मी बघत राहिले. दसऱ्याची मिठी एवढीच असते. मच्छिंदरनं अशीच मारली होती, गुरुजींनी अशीच. जन्मभर मी ओट्यावरून हेच बघत आले होते. काखेखाली हात कोण घालतं? बरगड्यांवरून खाली कोण येतं? मी रोज सकाळी जिथं पट्टे आवळायचे, तिथं तिथं ते हात फिरले होते. शेवटी तळवा छातीवर ठेवून बघितलं होतं.

 

"भाऊजी," मी म्हटलं, "मला न्हाई का सोनं?"

ते पानं घेऊन पुढं आले. मी पानं घेतली नाहीत. पदर बाजूला केला आणि बोटांच्या पेरांनी आपल्या छातीवर ठोकलं. टक, टक. दारावर ठोकावं तसा आवाज आला.

"ऐकू आलं का? कुणी पाठवलं असंल तर सांगा जाऊन, हाय म्हणून. चाचपायची गरज न्हाई."

भाऊजींचं तोंड पांढरं पडलं. "वैनी, आज मला कुणी पाठवलं न्हाई."

"आज?" मामंजी म्हणाले.

त्या एका शब्दासरशी भाऊजी मटकन खाली बसले.  मग तुटक तुटक बाहेर आलं. "त्या दसऱ्याच्या आधी माझ्या लेकराला त्यांनी शाळेतनं गाडीत घातलं होतं, मामा. दिवसभर फिरवलं आन् आणून सोडलं. म्हणले, त्याच्या ताठ चालण्यावरनं कळलंय, तो आत काहीतरी घालतो. फक्त बघून ये, हाय का न्हाई. असलं तर आज सोडून देऊ. नसलं तर..." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "वैनी, मुंजाजीनं मला सांगितलं होतं, आंघोळीशिवाय काढत न्हाई म्हणून. मला वाटलं असणारच. देवाशपथ, मी हात फिरवत होतो तवा मनात म्हणत होतो, लागू दे, हाताला लागू दे. दोनदा फिरवला हात. न्हाईच लागलं."

ते खरं बोलत होते. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणीही खरंच होतं. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून संताप दुप्पट झाला. आम्ही ज्याच्यासाठी दुसरं जाकीट मागत होतो तो हा माणूस.

"मंग हाय म्हणून सांगायचं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली. त्यांना कळलं नाही.

"कोर्टात देवाची शपथ घेऊन खोटं बोललाव ना? नदीवर कायच बघितलं न्हाई म्हणून? वकिलासमोर, साहेबासमोर, त्या तलाठ्याच्या आईसमोर बोललाव. तेवढं जमलं तुमाला. मंग त्या दिवशी कोपऱ्यावर जाऊन एक खोटं बोलायचं होतं. हाय म्हणायचं होतं. तुमचं लेकरू घरी आलं होतं, हे ओट्यावर होते. शर्ट काढून कोण बघणार होतं?"

  केरबा भाऊजींना हे आजपर्यंत सुचलंच नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

मामंजींनी हातातली आपट्याची पानं त्यांच्यापुढं जमिनीवर ठेवली आणि भिंत धरत आत गेले. मी दार उघडून उभी राहिले. ऊन ओट्यावर आलं होतं, आणि बाहेर गल्लीत माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती.